विज्ञान-संशोधनाची शालेय स्पर्धा : तिचे स्वरूप आणि जळकोट परिसरातील तिचे प्रयोजन

१. विषयप्रवेश

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी भरविल्या जाणाऱ्या विज्ञान-संशोधन स्पर्धांचा विचार विद्यापीठीय वर्तुळात क्वचितच होतो. तो शाळाखात्याचा विषय आहे अशी एक समजूत रूढ आहे. तथापि या स्पर्धांना परीक्षक हवे असतात, ते बहुधा महाविद्यालयांतून व विद्यापीठ-विभागांतून बोलाविले जातात, आणि मार्गदर्शनासाठी शाळाशिक्षक ज्यांच्याकडे वळतात तेही आपल्यापैकीच असतात. म्हणजे या उपक्रमाशी आपला संबंध येतो तो थेट निर्णय देणाऱ्याच्या नात्याने. ज्या गोष्टीचा निर्णय द्यावयाचा तिचे स्वरूप नीट समजून घेणे हे निर्णय देणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. या स्पर्धा कशा घडल्या, त्यांत नेमके काय पारखावयाचे असते, आणि जळकोटसारख्या तालुक्यातील मुलांच्या दृष्टीने त्यांचे प्रयोजन काय, एवढ्याच प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केलेला बरा. ‘विज्ञान स्पर्धा’ या एका नावाखाली आपल्याकडे चार निरनिराळ्या गोष्टी वावरतात. पहिली लेखी परीक्षा. तीत ज्ञानाची व तर्कशक्तीची पारख होते. दुसरी तालुका व जिल्हा पातळीवरील विज्ञान प्रदर्शने. तेथे प्रतिकृतीला व ती समजावून देण्याच्या कौशल्याला महत्त्व असते. तिसरी नवकल्पनेची स्पर्धा. तीत एखादी अडचण दूर करणारी युक्ती वा साधन अपेक्षित असते. चौथी संशोधनाची स्पर्धा. तीत विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न विचारावा, त्याच्या उत्तरासाठी पुरावा गोळा करावा आणि त्या पुराव्यावरून जेवढे सिद्ध होते तेवढेच सांगावे, अशी अपेक्षा असते. पहिल्या तीन प्रकारांना त्यांचे त्यांचे मोल आहेच. परंतु चौथ्या प्रकाराचे परीक्षण दुसऱ्याच्या मापाने केले, की चकचकीत प्रतिकृतीला पारितोषिक मिळते आणि मळकी नोंदवही मागे पडते. या स्पर्धांतील बहुतेक दोषांचे मूळ या गल्लतीत आहे.

२. पूर्वपीठिका

शालेय विद्यार्थ्यांच्या संशोधनाची संघटित स्पर्धा अमेरिकेत १९४२ साली सुरू झाली. वेस्टिंगहाउस कंपनीच्या साहाय्याने चालणाऱ्या या ‘विज्ञान प्रज्ञाशोधा’त शाळेच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांनी स्वतःच्या संशोधनाचा वृत्तान्त सादर करावयाचा असे. पुढे आश्रयदाती कंपनी दोनदा बदलली; स्पर्धा मात्र अखंड चालू राहिली. लिऑन कूपर, शेल्डन ग्लॅशो, रोआल्ड हॉफमन हे पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले शास्त्रज्ञ शालेय वयात या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचले होते. ही नावे नेहमी सांगितली जातात, परंतु त्यांवरून स्पर्धेने शास्त्रज्ञ घडविले असे अनुमान काढणे योग्य नाही. ज्या मुलांना संशोधनाची ओढ आधीच होती तीच स्पर्धेकडे आली असतील, हा पर्याय खुला राहतो. आपण विद्यार्थ्यांना जो सावधपणा शिकवू पाहतो तो या स्पर्धांचे गुणवर्णन करतानाही सोडू नये.

भारतात या कल्पनेचा पहिला मोठा अवतार म्हणजे राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ती १९६३ मध्ये दिल्लीपुरती सुरू केली आणि १९६४ पासून देशभर लागू केली. लेखी परीक्षा, प्रकल्पाचा वृत्तान्त आणि मुलाखत अशी तिची तीन अंगे होती. १९७६ च्या सुमारास शिक्षणाचा आकृतिबंध बदलला, तेव्हा ही योजना सामाजिक शास्त्रांपर्यंत विस्तारली आणि तिच्या नावातील ‘विज्ञान’ हा शब्द गेला. त्याच वेळी प्रकल्पाचे अंगही गळाले. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या चाचण्या आणि मुलाखत एवढेच शिल्लक राहिले. २०२१ नंतर ही परीक्षा स्थगित झाली. १९९९ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सुरू केलेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना हीदेखील २०२२ मध्ये बंद करण्यात आली.

प्रज्ञाशोध योजनेच्या इतिहासातून एक बोध निघतो. उमेदवारांची संख्या वाढू लागली की प्रकल्प तपासणे अवघड होते. प्रत्येक वृत्तान्त कोणीतरी वाचावा लागतो, मुलाशी कोणीतरी बोलावे लागते. चाचणीची उत्तरपत्रिका त्या मानाने लवकर तपासून होते. म्हणून कोणी मुद्दाम न ठरविताही संशोधनाची जागा परीक्षा घेते. हे टाळावयाचे तर वाचणारी व बोलणारी माणसे पुरेशा संख्येने उपलब्ध असावी लागतात.

महाराष्ट्रात बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ मध्ये डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. इयत्ता ६ वी व ९ वीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक परीक्षा आणि त्यानंतर कृतिसंशोधन प्रकल्प व मुलाखत अशा पायऱ्या आहेत. प्रकल्पाचे अंग तीत टिकून आहे ही समाधानाची गोष्ट होय. परंतु तेथपर्यंत पोचण्याची वाट लेखी परीक्षेतूनच जाते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर-मानक’ योजना मुख्यतः नवकल्पनांसाठी आहे. निवडलेल्या कल्पनेची प्रतिकृती तयार करण्यासाठी विद्यार्थ्यास १०,००० रुपये दिले जातात. शुद्ध अर्थाने संशोधनाची आणि खेड्यातील मुलास थेट प्रवेश देणारी योजना म्हणून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचाच उल्लेख करावा लागतो.

३. बालविज्ञान परिषदेची घडण

राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संज्ञापन परिषदेने १९९३ मध्ये हा उपक्रम देशपातळीवर सुरू केला. त्याची घडण पाहिली असता तीमागील विचार स्पष्ट होतो. १० ते १७ वर्षे वयाची मुले तीत भाग घेऊ शकतात. १० ते १४ हा कनिष्ठ गट व १४ ते १७ हा ज्येष्ठ गट. शाळेत नाव असलेच पाहिजे असा आग्रह नाही. शाळा सुटलेली मुलेही येऊ शकतात. प्रकल्प एकट्याने करावयाचा नसून गटाने करावयाचा असतो. पूर्वी गटात पाचांपर्यंत मुले असत. पुढे ही संख्या दोनावर आणण्यात आली. वृत्तान्त कोणत्याही भारतीय भाषेत लिहिता येतो. सामान्यतः दोन वर्षांसाठी एक मध्यवर्ती विषय ठरविला जातो व त्याचे उपविषय दिले जातात : २०१० व २०११ साठी भूसंपदा, २०१२ व २०१३ साठी ऊर्जा, २०१४ व २०१५ साठी हवामान असे हे विषय होते. जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा तीन पायऱ्या असून राष्ट्रीय परिषद दीर्घकाळ डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात भरत असे. २०१६ ची परिषद आपल्याच राज्यात बारामती येथे भरली होती.

या नियमांपैकी तीन विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला, प्रकल्प स्थानिक परिस्थितीशी निगडित असावा. दुसरा, त्याला काही आठवडे वा महिने चाललेल्या प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार असावा. तिसरा, कामाची नोंदवही वृत्तान्ताबरोबर सादर करावी. महागडी साधने, शहरातील प्रयोगशाळा, इंग्रजीवरील प्रभुत्व यांपैकी कशाचीही सक्ती येथे नाही. कागदावर तरी ही स्पर्धा जळकोटच्या मुलाला मुंबईच्या मुलाबरोबर उभे करते. प्रत्यक्षात ते घडावे यासाठी काय लागते, हा खरा प्रश्न आहे.

४. प्रश्न कोठून यावा : बियाण्याचे उदाहरण

जळकोट हा लातूर जिल्ह्याच्या ईशान्य भागातील तालुका. उदगीरच्या उत्तरेस, बालाघाटच्या डोंगराळ मुलखात तो वसलेला असून त्याच्या सीमा नांदेड जिल्ह्यातील मुखेड व कंधार या तालुक्यांना भिडतात. जमीन काळ्या पाषाणावरची, माथ्यावर हलकी व खोलगट भागात भारी. शेती मुख्यतः पावसावरची. खरिपात सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके. येथील मुलास संशोधनाचा विषय सुचत नाही ही तक्रार वस्तुतः अशी आहे की, आपल्या घरी जे बोलले जाते तो विज्ञानाचा विषय आहे असे त्यास कोणी सांगितलेले नसते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. २०२० च्या खरिपात पेरलेले सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी मराठवाड्यातून मोठ्या संख्येने आल्या. दोष बियाण्याचा, की वापसा नसताना पेरणी झाली त्याचा, की बी खोल पडले त्याचा, हा वाद प्रत्येक गावात झाला. सोयाबीनच्या बियाचे आवरण नाजूक असते; मळणी यंत्राच्या वेगाने व पोती आदळण्याने ते दुखावते, आणि साठवणीत उगवणशक्ती झपाट्याने घटते. म्हणूनच पेरणीपूर्वी घरच्या बियाण्याची उगवण तपासावी असा सल्ला कृषी खाते दरवर्षी देते. शंभर बिया ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळावयाच्या, गोणपाट ओलसर ठेवावयाचे आणि सुमारे आठ दिवसांनी चांगले मोड आलेल्या बिया मोजावयाच्या, ही रीत शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण आवश्यक मानली जाते.

समजा, नववीतील दोन विद्यार्थिनींनी असा प्रश्न घेतला : यंत्राने मळलेल्या व काठीने बडवून काढलेल्या, पण एकाच शेतातल्या सोयाबीनच्या उगवणीत फरक पडतो काय? प्रश्न लहान आहे, त्यांचा स्वतःचा आहे आणि त्याचे उत्तर पुस्तकातून उतरून घेता येत नाही. त्या दोन्ही पोत्यांतून शंभर-शंभर बिया घेतात. बडवलेल्यांपैकी ७२ उगवतात, यंत्राने मळलेल्यांपैकी ६५. बहुतेक प्रकल्प येथे संपतात आणि ‘काठीने बडवणे श्रेष्ठ’ असा निष्कर्ष लाल अक्षरांत लिहिला जातो.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा निष्कर्ष टिकत नाही. खरे प्रमाण ७० टक्के असलेल्या एकाच पोत्यातून शंभर बिया पुनःपुन्हा काढल्या, तर उगवलेल्यांची संख्या केवळ योगायोगाने साधारण ६१ ते ७९ च्या दरम्यान हेलकावत राहील. कारण शंभरांच्या नमुन्याची प्रमाण त्रुटी सुमारे साडेचार आहे. ७२ व ६५ यांतील ७ चे अंतर हे त्या दोन प्रमाणांतील अंतराच्या प्रमाण त्रुटीहून, म्हणजे सुमारे साडेसहाहून, जेमतेम अधिक आहे. अशा अंतरावर कोणताही परीक्षक विश्वास ठेवणार नाही. हीच प्रमाणे प्रत्येकी चारशे बियांवर मिळाली असती, तर प्रमाण त्रुटी निम्मी होऊन ते अंतर तिच्या दुपटीहून अधिक ठरले असते आणि निष्कर्षास बळ आले असते. बियाणे-परीक्षणाच्या प्रमाणित पद्धतीत चारशे बिया का घेतात, याचे उत्तर यात आहे.

आता नववीतील मुलीस प्रमाण त्रुटीचे सूत्र शिकवावे काय? तशी आवश्यकता नाही. तिला एवढेच सुचवावे की, दोन पोत्यांची तुलना करण्यापूर्वी एका पोत्याची त्याच्याशीच तुलना कर. एकाच पोत्यातून चार वेळा शंभर-शंभर बिया काढल्या आणि ७४, ६६, ७१, ६३ असे आकडे आले, की सूत्रावाचून तिच्या ध्यानात येते की सातांचा फरक पोते न बदलताही पडतो. संशोधनाच्या पद्धतीतील एक अत्यंत मूलभूत तत्त्व तिला गोणपाटावर सापडलेले असते. पदव्युत्तर वर्गात याच तत्त्वावर आपण कित्येक तासिका खर्च करतो आणि तरीही ते अनेकांच्या अंगी मुरत नाही, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

याच प्रकल्पात आणखी दोन गोष्टी शिकविता येतात. ‘उगवले’ म्हणजे काय हे मोजणीपूर्वी ठरवून वहीत लिहावे. नुसते टरारलेले बी उगवलेले धरावयाचे की मूळ व कोंब दोन्ही हवेत, हा निर्णय मोजताना घेतला तर मन आपल्या आवडत्या बाजूस झुकते. तसेच मोजणाऱ्या मुलीस गुंडाळी कोणत्या पोत्याची आहे हे ठाऊक नसावे. दुसरीने चिठ्ठ्या झाकून ठेवाव्यात. गटात दोघींची गरज का असते, याचे हे एक चांगले उत्तर होय.

५. दुसरे उदाहरण : विहीर

दुष्काळ हा या भागाचा दुसरा मोठा विषय. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना देशभर गाजली. त्यानंतर पाणी या विषयावर शालेय प्रकल्पांचा पूर आला, परंतु त्यांत घोषवाक्ये पुष्कळ आणि मोजमापे थोडी असेच चित्र असते. वास्तविक पाण्याइतकी मोजण्यास सोपी वस्तू दुसरी नाही.

काठावर एक पक्की खूण करून, वजन बांधलेली व गाठींनी मोजलेली दोरी सोडली की विहिरीची पाणीपातळी कळते. रोज सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी, त्याच खुणेपासून माप घ्यावे. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाणी १० सेंटिमीटरने उतरले, तर सुमारे २,८०० लिटर पाणी गेले असा हिशेब निघतो. ते सारे पंपाने गेले काय? उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी त्या विहिरीतून वाफ होऊन जाणारे पाणी सव्वादोनशे लिटरच्या आसपास असते. म्हणजे घटीचा मोठा भाग उपशाचा. आणि पंप बंद असताना पाणी पुन्हा किती चढते यावरून झऱ्यांचा अंदाज येतो. अशा साध्या गणिताने ‘उन्हाने विहीर आटली’ या प्रचलित विधानाची परीक्षा होते.

पुढचा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. एकाच बांधाच्या अल्याड-पल्याडच्या दोन विहिरींपैकी एक मार्चमध्ये कोरडी पडते व दुसरी मे महिन्यापर्यंत तग धरते, हे का? काळ्या पाषाणाच्या प्रदेशात भूजल हे सलग तळ्यासारखे नसते. ते वरच्या मुरमात, खडकाच्या सांध्याभेगांत आणि दोन लाव्हाथरांमधील सच्छिद्र पट्ट्यांत साठते. विहिरीच्या कडेने उतरत जाणारे हे थर मुलांना डोळ्यांनी दिसतात : माती, मुरूम, फुटका खडक, कधी तांबड्या मातीचा पट्टा, मग घट्ट पाषाण. दोन विहिरींच्या थरांची रेखाटने आणि त्यांच्या पातळ्यांचे आलेख शेजारी ठेवले, तर भूशास्त्राच्या अभ्यासकासही उपयोगी पडेल अशी सामग्री तयार होते. मात्र खोल विहिरीच्या काठावर मुलांनी वडीलधाऱ्या माणसावाचून जाऊ नये, ही अट वहीच्या पहिल्या पानावर असावी.

घरगुती पाणीवापराच्या प्रकल्पात एक लहानसा दोष नेहमी आढळतो, तोही येथे सांगावयास हवा. मुले हंडे व घागरी मोजतात आणि प्रत्येकीत सारखे पाणी मावते असे गृहीत धरतात. घरोघरची भांडी एका मापाची नसतात. लिटरच्या मापाने प्रत्येक भांडे एकदा भरून पाहिल्याशिवाय पुढचे सारे आकडे अधांतरी राहतात. मोजण्याचे साधन आधी मोजून घ्यावे, हा धडा यातून मिळतो.

६. परीक्षकाने काय पहावे

परीक्षकाची पहिली नजर तक्त्यावर न जाता नोंदवहीवर जावी. नोंदवहीच्या वाचनात पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात.

(अ) प्रश्न कोणाचा? हे थेट विचारून कळत नाही. ‘हा प्रश्न आधी असाच होता काय? कोठे बदलला?’ असे विचारावे. ज्याने काम केले आहे त्याचा प्रश्न वाटेत बदललेला असतो आणि का बदलला हे तो सांगू शकतो. दुसऱ्याने करून दिलेल्या प्रकल्पाला असा इतिहास नसतो.

(आ) आकडे खरोखरी मोजलेले आहेत काय? सेंटिमीटरपर्यंत मोजलेल्या साठ नोंदींत ० किंवा ५ ने संपणाऱ्या नोंदी सुमारे बारा असाव्यात; त्या तीस-चाळीस आढळल्या, तर माप अंदाजाने घेतले आहे असे समजावे. शंभर-शंभर बियांच्या चार नमुन्यांत ७०, ७१, ७०, ७० असे आकडे दिसले, तर इतका सारखेपणा स्वाभाविक नाही. अशा वेळी मुलावर आरोप न करता ‘हे कसे मोजले ते दाखव’ एवढेच म्हणावे. पुष्कळदा मुलाने खरे आकडे ‘सुधारलेले’ असतात, कारण फरक पडणे म्हणजे चूक होणे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ती समजूत दूर करणे हे परीक्षणाचेच काम आहे.

(इ) अपेक्षेविरुद्ध आलेले उत्तर कसे हाताळले? ‘फरक आढळला नाही’ हा निष्कर्ष आपल्याकडील स्पर्धांत जवळजवळ दिसत नाही. निसर्गात मात्र तो वारंवार येतो. असा निष्कर्ष धैर्याने मांडणाऱ्या गटास कमी गुण पडले, की पुढील वर्षी त्या शाळेतून तसा निष्कर्ष येणार नाही.

(ई) निष्कर्ष पुराव्याच्या मापाचा आहे काय? दोन पोत्यांवरून सर्व मराठवाड्यास उपदेश करणाऱ्या मुलापेक्षा ‘आमच्या या दोन पोत्यांत असे आढळले’ एवढेच म्हणणारा मूल अधिक शास्त्रज्ञ आहे.

(उ) सादरीकरणाची भाषा. शहरी शाळेतील मुले सफाईने बोलतात. आमच्या तालुक्यातील मूल अनोळखी सभागृहात अडखळते. त्याच्या अडखळण्यास अज्ञान समजू नये. त्यास त्याच्या बोलीत, त्याच्या शेताविषयी प्रश्न विचारला की बहुधा वाणी मोकळी होते.

७. लातूरची परीक्षापरंपरा आणि संशोधनवृत्ती

या विभागात शालेय विज्ञानाचा विचार ‘लातूर पॅटर्न’ वगळून करता येत नाही. राजर्षी शाहू व दयानंद या लातूरच्या महाविद्यालयांच्या नावांशी निगडित असलेल्या या पद्धतीत शिस्तबद्ध अध्यापन, वारंवार चाचण्या आणि प्रश्नसंचांचा कसून सराव यांवर भर राहिला. तिने मराठवाड्यातील सामान्य शेतकरी कुटुंबांतील मुलांना वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडून दिली. या कामगिरीस कमी लेखणे अन्यायाचे होईल. जळकोटच्या पालकास आपल्या मुलाने लातुरात जाऊन शिकावे असे वाटते, ते पूर्ण विचारांतीच वाटते.

तथापि या पद्धतीचे एक गृहीतकृत्य आहे : प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधीपासून कोठेतरी लिहिलेले असते आणि ते ठराविक वेळात शोधावयाचे असते. संशोधनाची सुरुवात नेमकी तेथे होते जेथे उत्तर लिहिलेले नसते. परीक्षेत तरबेज झालेला विद्यार्थी पुढे आपल्या विभागात संशोधनासाठी येतो, तेव्हा ‘सर, विषय द्या’ असे म्हणतो. विषय शोधण्याची सवय त्यास कोणी लावलेलीच नसते. हा दोष त्याचा नाही. परंतु त्याची किंमत विद्यापीठास मोजावी लागते आणि या प्रदेशासही मोजावी लागते, कारण येथील जमीन, पाणी व बियाणे यांविषयीचे प्रश्न बाहेरून येऊन कोणी विचारणार नाही.

परीक्षा की संशोधन, असा झगडा उभा करण्याचे मात्र कारण नाही. अकरावीत गेल्यावर मुलाच्या हाती वेळ उरत नाही, हे मान्य करून चालावे. सातवी, आठवी व नववी ही तीन वर्षे तुलनेने मोकळी असतात. या तीन वर्षांत एकदा तरी प्रत्येक इच्छुक मुलास स्वतःच्या प्रश्नाचा पाठपुरावा करण्याची संधी मिळाली, तर पुढील परीक्षांचे त्यात काही नुकसान नाही. ही संधी नेमकी याच वयात द्यावी लागते. नंतर देऊ म्हटले तर ती देता येत नाही.

८. विभागाने करावयाची कामे

या विवेचनावरून आपल्या विभागासाठी काही कामे सुचतात. ती खर्चाची नाहीत. वेळेची मात्र आहेत.

पहिले काम पंचांग सांभाळण्याचे. स्पर्धेचे वेळापत्रक व शेतीचे वेळापत्रक जुळत नाही. बियाण्याचा प्रश्न मृगाच्या तोंडावर उभा राहतो, तेव्हा शाळा नुकत्याच उघडत असतात. विहिरीचा प्रश्न एप्रिल-मे महिन्यांत तीव्र असतो, तेव्हा सुटी असते. आणि प्रकल्प लिहिण्याची घाई होते ती पावसाळ्याच्या अखेरीस, विहिरी भरलेल्या असताना. म्हणून विषयाची निवड आदल्या उन्हाळ्यातच झाली पाहिजे. परीक्षा संपताच शाळांशी संपर्क साधून मुलांच्या हाती कोरी वही देणे, ही मदत डिसेंबरातील व्याख्यानापेक्षा अधिक मोलाची ठरेल.

दुसरे काम मध्यंतरीच्या वाचनाचे. प्रकल्प पूर्ण झाल्यावर दोष दाखवून उपयोग नसतो. पदव्युत्तर वर्गातील एकेका विद्यार्थ्याने एकेका गटाची नोंदवही दोन महिन्यांतून एकदा वाचावी व केवळ प्रश्न विचारावेत. त्याने लिहून देऊ नये, आकडेमोड करून देऊ नये; तो नियम कटाक्षाने पाळावा. यात त्या विद्यार्थ्याचाही लाभ आहे. प्रमाण त्रुटी ही कल्पना गोणपाटावरच्या बियांच्या साहाय्याने तेरा वर्षांच्या मुलास समजावून देता आली, तर ती त्याची स्वतःची झाली असे समजावे.

तिसरे काम साधने उसनी देण्याचे. एक तराजू, दोन तापमापके, एक मापनपात्र, पाण्याच्या क्षारतेची तपासणी करण्याचे साधे उपकरण, एवढी सामग्री एका पेटीत घालून तालुक्यातील शाळांमधून फिरविता येईल. पर्जन्यमापक तर सरळ बाजूंच्या कोणत्याही भांड्याचा होतो. त्यात साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की काम झाले.

चौथे काम जतन करण्याचे, आणि ते विभागावाचून कोणी करणार नाही. जिल्हा पातळीवर निवड न झालेल्या प्रकल्पांच्या वह्या बहुधा रद्दीत जातात. एकाच विहिरीची पातळी एका वर्षी मोजली तर तो शालेय प्रकल्प होय. निरनिराळ्या मुलांनी ती त्याच खुणेपासून दहा वर्षे मोजली, तर ती संशोधनाची मूळ सामग्री होय. पहिल्या गटाची वही दुसऱ्या गटास मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी ती कोणाच्या तरी कपाटात असली पाहिजे.

९. उपसंहार

स्पर्धेत थोडे जिंकतात आणि पुष्कळ हरतात. तिच्या रचनेतच ते आहे. म्हणून संशोधनाच्या स्पर्धेचे यश तिच्या विजेत्यांवरून मोजू नये. जिल्हा पातळीवरून परतलेल्या मुलाने वही पुढे चालू ठेवली काय, हे तिचे खरे माप. प्रश्न त्याचा असेल, मोजमाप त्याने केलेले असेल आणि परीक्षकाने त्याच्या वहीची पाने उलटून त्याच्याशी दहा मिनिटे गंभीरपणे चर्चा केलेली असेल, तर तो ती चालू ठेवण्याचा संभव पुष्कळ आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी जळकोटच्या मुलाच्या हाती आहेत. तिसरी आपल्या हाती आहे.